अर्धा तास बसण्याचे कारण

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





या मंगल प्रसंगी चार शब्द बोलावेत अशी विश्वस्तांची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. अशा वेळी संस्थेचा इतिहास सांगावा, दिवंगत थोरांचे स्मरण करावे, हे रीतीला धरून झाले असते. परंतु ते काम आमच्याहून अधिकारी वक्त्यांनी आज केलेच आहे. आम्ही पडलो विज्ञानाचे शिक्षक. तेव्हा आपल्या ट्रस्टच्या रुग्णसाहाय्याच्या कामाशी ज्याचा जवळचा संबंध आहे, असा एक साधा प्रश्न आम्ही आज घेतला आहे. तो असा की, शिरेतून औषध दिल्यावर किंवा लस टोचल्यावर आपल्याला अर्धा तास तेथेच का बसवून ठेवतात?

प्रश्न लहान वाटतो. पण १६ जानेवारी २०२१ रोजी आपल्या देशात कोविडची लस टोचण्यास आरंभ झाला, त्यानंतरचे दिवस आठवा. लस घेऊन झाली की खुर्चीवर अर्धा तास बसा, असे सांगत. त्या खुर्चीवर आपण किती चुळबूळ केली! कोणाला दुकान उघडायचे होते, कोणाच्या चुलीवर डाळ होती. "टोचले ना एकदा, आता काय राहिले?" असे म्हणून मागच्या दाराने निघून जाणारेही होते.

दुसऱ्यांची थट्टा करण्यापूर्वी आम्ही स्वतःचा अपराध सांगतो. आमची एक भाची पेडण्याला दिलेली आहे. गरोदरपणात तिच्या रक्तातले हिमोग्लोबिन फार उतरले आणि गोळ्या पोटाला सोसेनात. तेव्हा डॉक्टरांनी लोहाचे औषध सलाईनमधून चढवायचे ठरवले. पहिल्या खेपेला सोबत म्हणून आम्ही डिचोलीहून गेलो होतो. औषध सुरळीत चढले. नंतर नर्सबाई म्हणाल्या, "अर्धा तास थांबा." आमची नजर घड्याळावर. म्हापशाला बस बदलून घर गाठायचे होते. आम्ही मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "बाई, काही झाले नाही हे दिसतेच आहे. आम्हीही विज्ञानाचे पदवीधर आहोत." त्यांचा नाइलाज झाला. आम्ही भाचीला घेऊन निघालो.

दुसऱ्या खेपेला औषध सुरू होऊन दोन-तीन मिनिटे होतात न होतात, तोच पोरीचा चेहरा लाल झाला. "मामू, छाती आवळल्यासारखी वाटते, पाठ भरून आली," एवढेच ती बोलू शकली. त्याच नर्सबाईंनी धावत येऊन नळी बंद केली, नाडी आणि रक्तदाब पाहिला, डॉक्टरांना बोलावले. काही मिनिटांत सारे शमले. मग थोड्या वेळाने तेच औषध अगदी संथ गतीने दिले, तेव्हा काहीही त्रास झाला नाही. त्या दिवशी अर्धा तास कोणी सांगण्यापूर्वीच आम्ही खुर्ची धरून बसलो. पण भाची घाबरली. "उरलेले डोस मी घेणार नाही," असे म्हणून ती घरी गेली. तिची समजूत घालण्यापूर्वी आपणच हा विषय समजून घेतला पाहिजे, असे आम्हांला वाटले. जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम हे औषध कसले असते ते पाहू. लोह उघडे शिरेत सोडता येत नाही. ते विषासारखे बाधते. म्हणून लोहाच्या अतिसूक्ष्म कणाभोवती साखरेच्या जातीच्या पदार्थाचे वेष्टन देतात. अशा कणांचे माप नॅनोमीटरमध्ये करतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी सुमारे ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर भरते आणि हे औषधी कण बहुधा शंभर नॅनोमीटरचे किंवा त्याहूनही लहान असतात. यांनाच सूक्ष्मकणांची किंवा नॅनो औषधे म्हणतात.

दुसरा प्रकार स्निग्ध पदार्थाच्या पोकळ गोळ्यांचा. त्यांना लिपोसोम म्हणतात. इंग्लंडमधील ॲलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात ते प्रथम वर्णिले. पुढे कर्करोगावरील एक औषध अशा गोळ्यांत भरून तयार झाले आणि १९९५ साली त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. हे फार दूरचे वाटेल, म्हणून जवळचे सांगतो. बुरशीच्या रोगांवर ॲम्फोटेरिसिन बी हे जालीम औषध आहे, पण त्याने थंडीताप भरतो आणि मूत्रपिंडे दुखावतात. तेच लिपोसोममध्ये घातले की पुष्कळ सौम्य होते. दिल्ली विद्यापीठात बच्छावत यांनी आणि मुंबईच्या केईएम इस्पितळात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी या औषधाचा भारतीय प्रकार घडवला आणि रुग्णांवर पारखला. २०२१ च्या मे महिन्यात काळ्या बुरशीने कहर केला, तेव्हा लिपोसोममधल्या याच ॲम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी लोकांनी गावोगाव धावाधाव केली, हे आपण विसरलो नसाल. पुण्यात जिनोव्हा कंपनीने तयार केलेल्या आणि जून २०२२ मध्ये मंजुरी मिळालेल्या भारताच्या पहिल्या एमआरएनए लसीतही औषधाचे वाहन सूक्ष्मकणांचेच आहे. म्हणजे ही औषधे आता आपल्या दारात आली आहेत.

मग त्यांनी कधीकधी छाती का आवळते?

शरीर म्हणजे एक वस्ती आहे असे समजा. रात्री पहारेकरी फिरतात. त्यांत दोन प्रकार आहेत. पहिला पहारेकरी जुने वैर लक्षात ठेवणारा. एखादा पदार्थ एकदा शरीरात येऊन गेला की तो त्याची खूण मनात धरतो आणि दुसऱ्यांदा दिसताच गावभर दवंडी पिटतो. पेनिसिलिनची ॲलर्जी ही त्या जातीची.

या वैराचा शोध मोठा मनोरंजक आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात निळसर फुग्यासारखा एक डंख मारणारा जीव वाहून येतो. पेडण्याच्या किनाऱ्यावरील मंडळींनी तो पाहिला असेल. त्याचे इंग्रजी नाव 'पोर्तुगीज युद्धनौका' असे आहे. १९०१ साली मोनॅको संस्थानच्या राजाच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी या जीवाच्या विषाचा अभ्यास सुरू केला. किनाऱ्यावर परतल्यावर त्यांनी त्याच जातकुळीतल्या समुद्रफुलाचे विष घेतले. नेपच्यून नावाच्या एका धट्ट्याकट्ट्या कुत्र्याला त्यांनी त्याची अल्प मात्रा दिली. त्याला काही झाले नाही. काही आठवड्यांनी पुन्हा अल्प मात्रा दिली. आता कुत्रा विषाला सरावला असेल अशी त्यांची अपेक्षा. पण नेपच्यून सुमारे पंचवीस मिनिटांत मेला. शरीराचे संरक्षणच शरीरावर उलटले होते. रिशे यांना १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. नेपच्यूनची पंचवीस मिनिटे लक्षात ठेवा; आपल्या अर्ध्या तासाचे मूळ त्यांत दिसते.

दुसरा पहारेकरी मात्र ओळखदेख पाहत नाही. रक्तात काही प्रथिने सदैव तयार असतात. त्यांना पूरक प्रथिने म्हणतात. जंतू किंवा विषाणू दिसला की ती एकापाठोपाठ एक जागी होतात आणि त्यांचे तुकडे इतर पेशींना चेतवतात. आता गंमत पाहा. कोरोनाचा विषाणूही सुमारे शंभर नॅनोमीटरचाच असतो. तेवढ्याच मापाचे कोट्यवधी गोल कण एकदम रक्तात शिरले, तर बिचाऱ्या पहारेकऱ्याने औषध कोणते आणि शत्रू कोण हे कसे ओळखावे? तो शिट्टी फुंकतो. चेहरा लाल होतो, छाती-पाठ आवळते, कधी रक्तदाब उतरतो. ही प्रतिक्रिया पहिल्याच डोसाला होऊ शकते, आणि औषध संथ दिले तर बहुधा टळते. हंगेरीचे शास्त्रज्ञ यानोश सेबेनी यांनी १९९९ च्या सुमारास हिला खऱ्या ॲलर्जीपासून वेगळे काढून दाखवले. लोहाच्या औषधाने कधीकधी होणारा त्रास याच घरचा असावा, असे आज पुष्कळ तज्ज्ञ मानतात.

आता मुख्य गोष्ट. असे औषध माणसाला देण्यापूर्वी त्याचा हा दोष कळावा कसा? त्यासाठी प्राण्यांवर परीक्षा करतात. परंतु कोणत्या प्राण्यावर? येथेच खरी अडचण आहे. एकच प्रतिक्रिया, पण कुत्र्यात ती मुख्यतः यकृतावर कोसळते, गिनीपिगात श्वासनळ्या आवळतात, सशात फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्या. (गिनीपिग हा उंदराच्या कुळातला जीव आहे, नावात पिग असले तरी ते डुक्कर नव्हे.) काही औषधांत विरघळण्यासाठी घातलेले द्रव कुत्र्याला फार बाधतात, माणसाला तितके नाही. उंदीर स्वस्त आणि सोयीचा. पण या बाबतीत तो मोठा निगरगट्ट. माणसाला त्रास देणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट मात्रा दिल्यावाचून तो पुष्कळदा दादच देत नाही. उंदराच्या साक्षीवर विसंबले, तर धोक्याचे औषधही निर्धोक ठरेल.

सेबेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे दिसले की डुक्कर या बाबतीत अतिशय हळवे आहे. त्याला भूल देऊन, हृदय-फुफ्फुसाच्या दाबाची नोंद ठेवून लिपोसोमची अगदी थोडी मात्रा शिरेत दिली, की काही मिनिटांतच फुफ्फुसातील दाब चढतो, अंगावर लाल चट्टे उठतात, हृदयाची गती बदलते आणि मग हळूहळू सारे पूर्ववत होते. हळव्या माणसांत जी लक्षणे दिसतात, तीच ही. म्हणून कोणत्या आकाराचा, कोणत्या वेष्टनाचा कण कमी चेतवतो, औषध किती संथ द्यावे, याची परीक्षा डुकरावर होऊ लागली. २०१७ साली संशोधकांनी दाखवले की कणाचा आकार गोल न ठेवता कांडीसारखा किंवा चकतीसारखा केला, किंवा कण तांबड्या पेशींच्या पाठीवर बसवून पाठवले, तर डुकरातील ही प्रतिक्रिया पुष्कळ घटते.

परंतु याही साक्षीवर आक्षेप आहे. डुकराच्या फुफ्फुसातील रक्तवाहिन्यांना चिकटून काही भक्षकपेशी बसलेल्या असतात. त्या हे कण झपाट्याने गिळतात आणि गिळताच हाकाटी करतात. मेंढी, शेळी, वासरू, घोडा यांच्याही फुफ्फुसात त्या असतात. माणसाच्या फुफ्फुसात मात्र सर्वसाधारणपणे नसतात. म्हणून मोगिमी यांच्यासारखे शास्त्रज्ञ म्हणतात की डुक्कर माणसाहून अधिक घाबरट आहे. त्याच्या सांगण्यावरून चांगले औषध फुकट बदनाम व्हायचे. दुसरा पक्ष म्हणतो की आम्हांला हळव्या रुग्णाचीच काळजी आहे आणि हळव्या रुग्णाचे सोंग डुक्करच नीट वठवते. हा वाद अजून मिटलेला नाही. आम्हांला वाटते, दोन्ही पक्षांत तथ्य आहे. निगरगट्ट साक्षीदार धोका लपवतो, घाबरट साक्षीदार धोका वाढवून सांगतो. शहाण्या न्यायाधीशाने दोघांचे ऐकून निवाडा करावा.

येथे आपल्यापैकी कित्येकांच्या मनात आलेला प्रश्न आम्ही स्वतःच उच्चारतो. भाचीच्या शेजारणीने तिला तेच सांगितले होते: "ही औषधे डुकरावर करतात, ती आपल्याला कशी चालतील?" प्रश्न विचारण्यात गैर काही नाही. पण त्याचे दोन भाग वेगळे ठेवले पाहिजेत. एखाद्या औषधाची परीक्षा डुकरावर झाली, याचा अर्थ औषधात डुकराचा अंश आला असा नव्हे. तो प्राणी साक्षीदार असतो, घटक नसतो. भाचीच्या बाटलीत होते लोह आणि साखर. काळ्या बुरशीवरच्या लिपोसोममधला स्निग्ध पदार्थ बहुधा सोयाबीनपासून मिळवतात. याउलट, रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपारिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. ते प्रकरण निराळे, आणि त्याविषयी प्राण वाचवण्याच्या गरजेचा विचार करून आलिमसाहेबांनी काय ते सांगावे. धर्मनिर्णय करणे हा मास्तरांचा अधिकार नव्हे. वस्तुस्थिती नीट मांडणे हा मात्र आहे. अर्धवट माहितीवर औषध सोडून बसलेली गरोदर पोर आम्ही पाहिली आहे, म्हणून इतके स्पष्ट बोललो.

आणि मुक्या जीवाचे काय? त्यालाही दुःख होते. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजण्याचे पुण्य आपल्याला लहानपणापासून शिकवले आहे. रसेल आणि बर्च या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ साली तीन नियम घालून दिले: शक्य तेथे प्राण्यावाचून काम करावे, लागतील तितकेच थोडे प्राणी घ्यावेत आणि त्यांना वेदना कमीत कमी होतील असे पाहावे. आपल्या देशात १९६० च्या कायद्यान्वये अशा प्रयोगांवर देखरेख करणारी समिती आहे. २०२३ साली औषधपरीक्षेच्या नियमांत बदल होऊन, मानवी पेशींवर आणि तत्सम साधनांनी केलेल्या परीक्षांनाही आपल्याकडे जागा मिळाली. माणसाचे रक्त नळीत घेऊन त्यात कण मिसळायचे आणि पूरक प्रथिने किती जागी होतात ते मोजायचे, ही रीत तर आज सर्रास वापरात आहे. पण नळीतल्या रक्ताला छाती नसते. ती आवळल्याचे ते सांगू शकत नाही.

आता या साऱ्याचे तात्पर्य. उंदीर, गिनीपिग, कुत्रा, डुक्कर, नळीतले रक्त या सर्वांची साक्ष झाल्यावरही एक शेवटची साक्ष उरतेच. ती तुमच्या-आमच्या शरीराची. कारण एकाचे शरीर दुसऱ्यासारखे नसते. ८ डिसेंबर २०२० रोजी ब्रिटनमध्ये एमआरएनए लस देण्यास आरंभ झाला. ती लस प्राण्यांवर आणि हजारो माणसांवर पारखलेली होती. तरीही पहिल्याच दिवशी दोघांना तीव्र प्रतिक्रिया आली. पुढे हिशेब झाला तेव्हा असे प्रकार दहा लाख डोसांमागे सुमारे पाच भरले. म्हणजे धोका फार थोडा. पण ते पाच कोण, हे आधी कोणालाच सांगता येत नाही. वेळीच ओळखले, तर मांडीत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन देऊन माणूस वाचवता येतो. उशीर झाला तर तेच औषध कपाटात राहते आणि माणूस बसमध्ये.

"आधी थोडे टोचून पाहिले होते ना?" असे आपण विचारतो. लोहाच्या औषधांबाबत युरोपच्या औषधनियंत्रण संस्थेने २०१३ साली ही चाचणी मात्रेची चालच मोडीत काढली. थोडी मात्रा सोसली म्हणजे पुरी सोसेल असा भरवसा नसतो, आणि पहिला डोस सोसला म्हणजे दुसरा सोसेल असाही नाही. म्हणून त्या संस्थेने सांगितले की प्रत्येक डोसानंतर रुग्णावर किमान तीस मिनिटे लक्ष ठेवावे. आमच्या भाचीच्या दुसऱ्या खेपेने हेच शिकवले.

तेव्हा आमचे मागणे थोडके आहे. पूर्वी कोणत्याही औषधाने त्रास झाला असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा, लाजू नका. औषध चढताना चेहरा तापला, छाती किंवा पाठ आवळली, खाज सुटली, जीव घाबरला, तर तत्काळ हाक मारा. "होईल बरे" म्हणून सोसू नका. नर्सबाई नळी संथ ठेवतात तेव्हा तिचे चाक फिरवून वेग वाढवू नका. आणि एकदा त्रास झाला म्हणून औषध परस्पर सोडूही नका. पुढे काय करायचे ते डॉक्टरांना ठरवू द्या.

भाचीला आम्ही हे सारे सांगितले. नेपच्यूनची गोष्ट तिला आवडली नाही, कुत्र्याची तिला कणव आली. शेवटी ती म्हणाली, "मामू, मी येते. पण या वेळी तुम्ही घड्याळ घरी ठेवून या." उरलेले डोस तिने डॉक्टरांच्या सल्ल्याने संथपणे घेतले. तिचा मुलगा आज या सभागृहात मघापासून धावतो आहे, त्याला गप्प बसवण्याचे काम मात्र विज्ञानाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

जाता जाता विश्वस्त मंडळींना एक विनंती. आपला ट्रस्ट गरजूंना औषधांसाठी मदत देतो, हे फार मोलाचे काम आहे. परंतु पेडणे आणि डिचोलीच्या आडगावांतला रुग्ण अर्धा तास का थांबत नाही, याचे खरे कारण अज्ञान नव्हे. त्याची बस चुकते. म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षापासून औषधाच्या मदतीबरोबर परतीच्या रिक्षाचे पैसेही मदतीत धरावेत. रक्कम लहान आहे. पण त्यायोगे रुग्णाला अर्धा तास निश्चिंतपणे बसता येईल आणि त्या पाचांपैकी एखादा आपल्या घरचा निघाला, तर तो योग्य ठिकाणी बसलेला असेल.